जुनं हेड घेताना व्हॉल्व्हची दांडीही मोजा

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनं सिलिंडर हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह बसवलेला वरचा भाग) आणायला निघालात, तर व्हर्नियर (बारीक माप घ्यायची मोजपट्टी) आणि आपला एक व्हॉल्व्ह सोबत न्या. बोल्टची भोकं जुळली एवढ्यावर सौदा करू नका.

आधी दांडीची जाडी बघा. 5.5 आणि 6 मिमीतला फरक नुसत्या नजरेला सहज कळत नाही, पण गाईड (दांडी सरकते ती नळी), सील (तेल अडवणारं), रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) आणि लॉक (ती टोपी दांडीला धरणारे तुकडे) सगळं त्यावरच ठरतं. लॉक सैल राहिला तर चालत्या इंजिनात व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर पडतो. तेव्हा या भागांत अर्धे जुने, अर्धे नवे असली तडजोड नकोच. सील मात्र नवेच.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगच्या वेढ्यांत एकूण दीडेक मिमी जागा उरायला हवी. पुशरॉडचं इंजिन (म्हणजे खालच्या कॅमचा धक्का लांब दांड्याने वर रॉकरला देणारं) असेल आणि हेडचा तळ फेसिंग करून घासलेला असेल, तर जुना पुशरॉड लांब पडतो. रॉकरचं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेचं) टोक व्हॉल्व्हच्या दांडीच्या मध्यावर येतं का ते पाहा.

मग व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मोजायला पिस्टनवर मऊ क्ले लावा, हेड कसा, टॅपेटची फट लावा आणि इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. हेड उघडून क्ले कापा, जाडी मोजा. इनटेक व्हॉल्व्हखाली साधारण 2, एक्झॉस्टखाली 2.5 मिमी हवी. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.