फलाफल तेलात सुटतं, हमस रवाळ होतं? या चुका टाळा

लेबनॉन, सीरिया, जॉर्डन, पॅलेस्टाइन, इस्रायल या सगळ्या पट्ट्यात फलाफल आणि हमस एकाच दुकानात, बऱ्याचदा एकाच ताटात मिळतात. फलाफल म्हणजे तळलेले छोटे वडे, हमस म्हणजे चटणीसारखी मऊ पेस्ट; दोन्ही काबुली चण्यांचे. त्यामुळे घरी करताना एकदाच चणे शिजवून दोन्ही उरकायचा मोह होतो आणि सगळं तिथेच बिघडतं. फलाफलसाठी चणे अजिबात शिजवायचे नाहीत. हमससाठी मात्र उसळीला शिजवतो त्याहून कितीतरी जास्त शिजवायचे.

फलाफल तेलात का सुटतं?

शिजलेल्या चण्यातला स्टार्च आधीच फुललेला असतो आणि त्यात पाणीही बरंच असतं. असा गोळा गरम तेलात गेला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि तो फुटतो, कारण त्याला धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं. नुसत्या भिजवलेल्या चण्यातला स्टार्च तळताना फुलतो आणि तोच गोळा बांधतो. डाळवड्याची डाळ आपण कुठे शिजवतो? तसंच इथे. डबाबंद चणे शिजवलेलेच असतात, तेव्हा ते फक्त हमसला वापरा.

250 ग्रॅम कोरडे चणे भरपूर पाण्यात 18 ते 24 तास भिजवा. भिजून ते साधारण 500 ग्रॅम होतात. उन्हाळ्यात पाण्याला फेस आणि आंबूस वास येतो, म्हणून दोनदा पाणी बदला आणि रात्री पातेलं फ्रिजमध्ये ठेवा. एक चणा मधोमध तोडून बघा. आत पांढरा कोरडा ठिपका दिसला तर अजून वेळ द्या. मग चाळणीत अर्धा तास निथळून सुती कापडावर कोरडे करा. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि दोष बेसनाला लागतो.

वाटताना पाण्याचा थेंबही नको. मिक्सर फिरत नाही म्हणून दोन चमचे पाणी घातलं की गोळे सुटणारच. भांडं अर्धंच भरा, दोन-दोन सेकंद फिरवून थांबा, कडेचं खाली ढकला. वाटण जाड रव्याइतकं हवं. चण्याचे तुकडे राहिले तर गोळा बांधला जात नाही; पेस्ट झाली तर फलाफल आतून चिकट आणि घट्ट होतं. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि बोटांच्या फटींतून पाणी येता कामा नये.

चण्यांसोबतच वाटायचं ते असं: एक मध्यम कांदा (चिरून, पिळून), 5-6 लसूण पाकळ्या, घट्ट भरलेली एक वाटी कोथिंबीर आणि पार्स्ली, दोन चहाचे चमचे धणेपूड, दीड चमचा जिरेपूड, दीड चमचा मीठ, थोडी मिरपूड. पार्स्ली मिळाली नाही तर सगळी कोथिंबीर चालते, पण धुतल्यावर ती पूर्ण कोरडी हवी. हे मिश्रण झाकून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. खायचा सोडा अर्धा चमचा, तोही तळायच्या अगदी आधी. तासभर आधी घातला तर त्याचा जोर निघून जातो.

गोळे लिंबाएवढे नकोत, त्याहून लहान, 25 ते 30 ग्रॅमचे. हलक्या हाताने वळा. दाबून घट्ट केले की आत जाळी पडत नाही. तेल 175 अंशांच्या आसपास असावं. थर्मामीटर नसेल तर चिमूटभर मिश्रण टाका: ते बुडून दोन-तीन सेकंदांत बुडबुड्यांसह वर यायला हवं. धूर निघेपर्यंत तापवलेल्या तेलात बाहेरून काळं, आत कच्चं राहतं. कोमट तेलात तेल पितं आणि विरतं. पहिला मिनिटभर झारा लावू नका, एकूण चार-पाच मिनिटं तळा. आधी एकच गोळा तळून बघा. तो सुटला तरच मिश्रणात एक-दोन मोठे चमचे बेसन घाला.

इजिप्तमध्ये हाच पदार्थ सोललेल्या सुक्या फावा बीन्सचा (मोठ्या चपट्या दाण्यांचं एक कडधान्य) करतात आणि त्याला तामिया म्हणतात. ती करून बघायची असेल तर एक सावधगिरी: घरात कोणाला जी-6-पीडी कमतरता (रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची जन्मजात कमतरता) असेल तर त्यांच्यासाठी फावा बीन्स धोक्याच्या आहेत.

हमस गुळगुळीत होत नाही, कडू लागतं

रवाळ हमसचं कारण बहुतेक वेळा मिक्सर नसून अर्धवट शिजलेले चणे असतात. 250 ग्रॅम चणे एक चमचा सोडा घालून रात्रभर भिजवा, धुवा, आणि अर्धा चमचा सोडा घालून कुकरला लावा. सोड्याने सालीतलं पेक्टिन, म्हणजे पेशी एकमेकींना धरून ठेवणारा घटक, लवकर सुटतं. सहा-सात शिट्ट्यांनंतर मंद आचेवर 20 मिनिटं ठेवा. दोन बोटांत चणा धरला की दाबायच्या आधीच त्याचा लगदा झाला पाहिजे. बोअरचं जड पाणी असेल तर फिल्टरचं वापरा. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे चणे तासन्‌तास कडक राहतात.

कडवटपणा ताहिनीतून, म्हणजे हमसमध्ये पडणाऱ्या तिळाच्या पेस्टमधून येतो. सालीसकट तीळ किंवा जास्त भाजलेले तीळ ही त्याची कारणं. पांढरे पॉलिशचे तीळ मंद आचेवर रंग बदलायच्या आत उतरवा आणि गरम असतानाच पातळ होईपर्यंत वाटा. लागलंच तर थोडं बिनवासाचं तेल घाला. मोहरीचं किंवा शेंगदाण्याचं नको, त्यांची चव वर येते.

आता क्रम. दोन-तीन लसूण पाकळ्या तीन मोठे चमचे लिंबाच्या रसात आणि मिठात ठेचून दहा मिनिटं ठेवा. आंबटपणामुळे कच्च्या लसणाचा उग्रपणा वाढत नाही. आपलं कागदी लिंबू तिथल्या लिंबापेक्षा आंबट असतं, म्हणून दोन चमच्यांपासून सुरुवात करा. हा रस 150 ग्रॅम ताहिनीत घातला की ताहिनी एकदम घट्ट होऊन गोळा होते. इथे बरेच जण घाबरून तेल ओततात. तेल नको, बर्फाचं पाणी एकेक चमचा घालत फेटा. ती पांढरट आणि हलकी होईल. मग चणे घालून चार-पाच मिनिटं फिरवा. ऑलिव्ह तेल वाटताना न घालता वाढताना वरून ओता. हमस थंड झाल्यावर घट्ट होतं, म्हणून मिक्सरमधून काढताना थोडं सैलच ठेवा.

फलाफलचं मिश्रण उरलं तर सोडा न घातलेला भाग वेगळा काढून फ्रीझरमध्ये ठेवा. वापरायच्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवा, सुटलेलं पाणी पिळून टाका आणि तळताना सोडा घाला.