जुन्या पीसीतली अनोळखी नेटवर्क चिप

काकांच्या जुन्या पीसीवर विंडोज एक्सपी नव्याने टाकलं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (पीसीतल्या भागांची विंडोजमधली यादी) ‘इथरनेट कंट्रोलर’ म्हणजे नेटवर्क चिपसमोर पिवळं प्रश्नचिन्ह. तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप विंडोजला वापरता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, ज्यात असतो ती मदरबोर्डची सीडी केव्हाच गहाळ झालेली. मग पपी लिनक्स या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सीडीवरून मशीन सुरू केलं. ते रॅममध्येच चालतं, हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) ‘एलएसपीसीआय -एनएन’ ही कमांड दिली, सगळी अक्षरं स्मॉल. ती मशीनमधल्या चिप्सची यादी क्रमांकांसह दाखवते. इथरनेटच्या ओळीच्या शेवटी १०ईसी:८१६८. पहिला भाग कंपनीचा, म्हणजे रिअलटेक. दुसरा चिपचा, आरटीएल८१६८ घराण्यातली. (इंटेलचा कंपनी-क्रमांक ८०८६ आहे, त्यांच्याच जुन्या प्रोसेसरचं नाव; कुणीतरी हौसेने घेतलेला दिसतो!) चिपच्या क्रमांकावरून तिचा एक्सपीसाठीचा ड्रायव्हर दुसऱ्या मशीनवर उतरवून पेन ड्राइव्हने आणला आणि नेट चालू झालं. साउंडचा ड्रायव्हरही त्याच यादीतून सापडला.