मुलाच्या पोटगीचा आकडा मांडण्याआधी

विभक्त आई-वडिलांत मुलाच्या पोटगीची रक्कम ठरताना 'खर्च खूप होतो' एवढं सांगून भागत नाही, कागद लागतो.

१. मुलाचा मागच्या १२ महिन्यांचा खर्च काढा आणि बेरजेला १२ने भागा. एकाच महिन्याचा हिशेब नको. चष्मा, दातांचा डॉक्टर, सहलीचे पैसे हे क्वचित येतात आणि नेमके तेच सुटतात.
२. दोघांच्याही उत्पन्नाचे मिळतील ते पुरावे जोडा.
३. मूल कोणाकडे किती रात्री राहतं, त्याच्या खुणा कॅलेंडरवर करा. बऱ्याच देशांत रक्कम ठरवताना हे धरतात.

नोकरी गेली तरी परस्पर रक्कम कमी करू नका. पोटगीचा आदेश बदलून मिळावा म्हणून लगेच अर्ज करा. आदेश बदलेपर्यंत थकबाकी चढतच राहते.