स्टायलसची बॅटरी: वापरून कमी, पडून राहून जास्त जाते

इंदूरच्या भंवरकुआंला कोचिंगसाठी टॅब घेऊन जाणारी मुलं असोत की घरून शिकवण्या घेणाऱ्या बाई, तक्रार एकच ऐकू येते: सुट्टीनंतर पेन (स्टायलस, म्हणजे टॅबच्या स्क्रीनवर लिहायचं पेन) काढलं तर ते चालूच होईना. रोज पाच तास लिहिणाऱ्याचं पेन टिकतं आणि दोन महिने कपाटात पडलेलं जातं. हे उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. पेनात बॅटरी अगदी चिमुकली असते. पहिल्या पिढीच्या ॲपल पेन्सिलमध्ये ती ०.३२९ वॉट-अवरची आहे. ५००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॉट-अवर असतात. पेन झोपलेलं असलं तरी आतलं सर्किट थोडी थोडी वीज खात राहतं. बॅटरी शून्यावर आली आणि तशीच राहिली, की लिथियम सेलचा व्होल्टेज इतका उतरतो की नंतर तो चार्ज धरतच नाही.

म्हणून आधी आपलं पेन कोणत्या जातीचं आहे ते ओळखा. सगळ्यांना एकच नियम लावला तर नुकसान होतं.

सॅमसंगच्या एस पेनला लिहिण्यासाठी बॅटरी लागतच नाही. स्क्रीनखालच्या थरातून त्याला ऊर्जा मिळते. गॅलेक्सी टॅब एस६ लाइटच्या पेनात तर बॅटरीच नाही. नोट ९ सारख्या मॉडेलमध्ये फक्त ब्लूटूथच्या बटणासाठी छोटा सुपरकपॅसिटर (बॅटरीऐवजी वीज साठवणारा भाग) आहे, तो ४० सेकंदांत भरतो. त्यामुळे एस पेन लिहीत नसेल तर चार्जिंगच्या मागे लागू नका, निब तपासा.

चार्जिंगच्या पेनांचं मात्र जपावं लागतं. वापर नसेल तर पेन अर्धं चार्ज करून ठेवा, पूर्ण भरून नको आणि रिकामं तर नकोच. दर महिन्याला एकदा बघा आणि उतरलं असेल तर पुन्हा अर्ध्यावर आणा. परीक्षा झाल्यावर कपाटात टाकण्याआधी हे पाच मिनिटांचं काम केलं तर पेन वाचतं. दुसरा शत्रू ऊन. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या स्कूटरची डिक्की त्याहून किती तरी जास्त तापते. लिथियम सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. तापलेलं पेन घरी आल्या आल्या केबलला लावू नका, पंख्याखाली अर्धा तास ठेवा, मग लावा.

चुंबकाने चिकटणाऱ्या पेनांत एक घोळ नेहमी होतो. दुसऱ्या पिढीची ॲपल पेन्सिल आयपॅडच्या कडेला चिकटून चार्ज होते. २०२३ साली आलेली यूएसबी-सी वाली पेन्सिलही तशीच चिकटते, पण चार्ज होत नाही, नुसती झोपते. तिला केबलच लागते. रात्रभर चिकटवून सकाळी रिकामी मिळाली तर पेन्सिल बिघडलेली नसते. जी खरोखर चिकटून चार्ज होते, तिच्या बाबतीत जाड कव्हर मध्ये आलंय का आणि आयपॅडचं ब्लूटूथ चालू आहे का, एवढं आधी पाहा.

स्वस्त पेनांवर थोडं जास्त लिहायला हवं, कारण चांगली पेनं इथेच वाया जातात. यूएसबी-सीचं भोक असूनही दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने पेन चार्ज होत नाही, आणि लोक ते फेकून देतात. अशा अनेक पेनांच्या पोर्टमध्ये ५.१ किलोओहमचे छोटे रेझिस्टर बसवलेलेच नसतात, त्यामुळे नवा चार्जर समोर काही जोडलंय हेच ओळखत नाही. जुन्या चौकोनी यूएसबीची, म्हणजे ए-टू-सी केबल लावा, दिवा लागेल. पॉवर बँकेचंही तसंच: पेन इतकी कमी वीज ओढतं की पॉवर बँक काम संपलं समजून स्वतःहून बंद होते. लॅपटॉपचं पोर्ट किंवा साधा ५ व्होल्टचा चार्जर बरा. आणि ज्या पेनाला टोपीवर टच-स्विच आहे ते पिशवीत वह्यांच्या दाबाखाली ठेवू नका. स्विच दाबला जाऊन पेन पुन्हा पुन्हा जागं होतं.

पूर्ण मेल्यासारखं वाटणारं पेन लगेच टाकू नका. चालणाऱ्या केबलने किमान अर्धा तास, शक्य असेल तर तासभर लावून ठेवा; दिवा उशिरा लागतो. तेवढ्यानंतरही काही नाही, किंवा चार्ज होऊन दहा मिनिटांत संपतंय, तर सेल गेला. पेनाची शिवण उकलली असेल किंवा अंग फुगलं असेल तर पुन्हा चार्जिंगला लावूच नका.

मायक्रोसॉफ्टच्या काही सरफेस पेनांत आणि क्रोमबुकच्या काही पेनांत बदलता येणारा एएएए सेल असतो. त्याची जाडी ८.३ मिमी आणि लांबी ४२.५ मिमी, तीन ए वाला (एएए) १०.५ मिमी जाड असतो, तो आत जाणारच नाही. जेल रोडच्या दुकानांत विचारताना जुना सेल खिशात घेऊन जा आणि एलआर६१ किंवा एलआर८डी४२५ हा नंबर सांगा, नाहीतर हातात तीन ए पडतो. जुना काढण्यापूर्वी त्याची दिशा फोनवर टिपून ठेवा. मल्टिमीटर असेल तर नवा सेल दीड व्होल्टच्या आसपास दाखवतो, १.२ च्या खाली असेल तर बदलायची वेळ झाली. ९ व्होल्टची बॅटरी फोडून हे सेल काढण्याची युक्ती नेटवर फिरते, ती करू नका. ६एफ२२ लिहिलेल्या बॅटरीत गोल सेल नसतातच, चपट्या थप्प्या असतात. ६एलआर६१ मध्ये सापडले तरी वेल्ड केलेल्या पट्ट्या काढताना शॉर्ट होतो.

पेन महिनाभर लागणार नसेल तर हा सेल बाहेर काढूनच ठेवा. गळला तर आत पांढरी भुकटी जमते. ती कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग कोरडी काडी फिरवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय नवा सेल घालू नका.

रेघ तुटते म्हणून बॅटरीला दोष देण्याआधी, फिरवून बसणारी निब असेल तर ती घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने घट्ट करून बघा. सैल निबमुळेही नेमकी तशीच रेघ तुटते आणि दाबाचा फरक जाणवेनासा होतो.

गेलेला सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. आपल्या इंदूरच्या कचरागाडीत सहा कप्पे आहेत, त्यातले घरगुती घातक कचऱ्याचा आणि ई-वेस्टचा वेगळे. नुसता सेल घातकमध्ये, अख्खं पेन ई-वेस्टमध्ये द्या. सेलची दोन्ही टोकं आधी टेपने झाका.