चिकाटी समजून आपण हट्ट धरतो तेव्हा: उद्योजकांच्या गोष्टी वाचताना या चुका टाळा

पुण्यात उद्योजकतेवरील व्याख्यानांना तोटा नाही. तेथून भारावून बाहेर पडलेला तरुण दुसऱ्या दिवशी तोच माल, त्याच दराने, त्याच गिऱ्हाइकाकडे घेऊन जातो आणि आपण चिकाटी धरली आहे असे समजतो. भोसरी औद्योगिक वसाहतीत गेली बावीस वर्षे मी जॉबवर्कचे, म्हणजे दुसऱ्यांचे सुटे भाग मजुरीवर बनवून देण्याचे, लहान वर्कशॉप चालवतो. या काळात ही गल्लत मी इतरांच्या बाबतीत पाहिली आणि स्वतःही केली.

अर्धीच गोष्ट लक्षात ठेवणे

लक्ष्मणराव किर्लोस्करांना लोखंडी नांगराला पहिले गिऱ्हाईक मिळवायला दोन वर्षे लागली, कारण लोखंडामुळे जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही गोष्ट प्रत्येक वक्ता सांगतो आणि तिथेच थांबतो. पण नांगराआधी त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले होते आणि त्यांच्या कारखान्यात कडबा कापण्याची यंत्रेही बनत होती. बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानाच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. नांगर त्यांनी सोडला नाही, परंतु उत्पादन, जागा आणि आधार या बाबतीत त्यांनी कशाचाही हट्ट धरला नाही. दोन वर्षे वाट पाहिली एवढेच उचलून जो नुसता वाट पाहत बसतो, त्याने या गोष्टीतला सोपा भाग तेवढा घेतला असे मला वाटते.

आपल्या शहरातील कैलास काटकर यांचे उदाहरणही असेच अर्धवट सांगितले जाते. दहावीनंतर शिक्षण सोडलेला मुलगा कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचा मालक झाला, एवढे सर्वांना पाठ असते. मधला दुवा असा की ते कॅल्क्युलेटरवरून संगणक दुरुस्तीकडे वळले, दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांमध्ये व्हायरस वारंवार सापडू लागले आणि धाकटे बंधू संजय यांनी ते काढून टाकणारा प्रोग्रॅम लिहिला. कॅल्क्युलेटरशीच निष्ठा ठेवली असती, तर २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदवली गेलेली ती कंपनी उभी राहिली नसती.

नगामागचा खर्च न काढता टिकून राहणे

या चुकीवर मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण ती माझी स्वतःची आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीचे बुश टर्निंगचे, म्हणजे लेथवर धातूच्या पोकळ नळ्यांसारखे भाग कातून देण्याचे, काम मला मिळाले. माल त्यांचा, मजुरी आमची, नगाला २२ रुपये आणि महिन्याला सुमारे ६,००० नग. सीएनसी (संगणकावर चालणारा) लेथ दोन पाळ्यांत चालू राहिला, कामगार खूश होते आणि मोठ्या कंपनीचे नाव घेताना माझीही मान ताठ होत होती. पैसे हातात उरत नव्हते, पण सुरुवातीला असे होणारच, धीर धरला पाहिजे, असे मी घरी सांगत राहिलो.

अकराव्या महिन्यात एका गुरुवारी, भोसरीतील साप्ताहिक सुट्टीच्या शांततेत, मी वही घेऊन बसलो. इन्सर्ट (धातू कापणारी बदलती पाती), कूलंट (कापताना थंडावा देणारा द्रव), वीज आणि ऑपरेटरचा पगार मी दर ठरवताना धरला होता. सेटिंगमध्ये, म्हणजे कामाआधी मशीन जुळवण्यात, जाणारे तास मात्र धरले नव्हते. शिवाय रिजेक्ट झालेल्या नगांच्या मटेरियलची किंमत ती कंपनी तीन-तीन महिन्यांनी डेबिट नोट (कपातीची चिठ्ठी) पाठवून आमच्या बिलातून वळती करत असे, त्यामुळे तो खर्च ज्या महिन्याचा त्या महिन्यात दिसतच नव्हता. सर्व मिळून नग २४ रुपये १० पैशांना पडत होता. नगामागे २ रुपये १० पैसे, म्हणजे महिन्याला १२,६०० आणि अकरा महिन्यांत १,३८,६०० रुपये मी स्वतःच्या खिशातून घालत होतो.

नवीन कामात पहिले दोन-तीन महिने तोटा होऊ शकतो. प्रश्न एवढाच विचारावा की नगामागचा तोटा दर महिन्याला कमी होत आहे का. हात बसल्याने, फिक्स्चर (नग घट्ट धरून ठेवणारा साचा) सुधारल्याने किंवा रिजेक्शन उतरल्याने तो घटत असेल, तर जरूर टिकून राहावे. तो जिथल्या तिथे असेल, तर नग वाढवल्याने तोटाच वाढतो. मी ही वही दाखवून दर वाढवून मागितला, तो मिळाला नाही आणि काम सोडले. पुढचे दोन महिने मशीन अर्धा वेळ बंद होते. ते पाहणे तोटा सोसण्यापेक्षाही जड गेले, हे कबूल केले पाहिजे.

उधारीला सहनशीलता समजणे

लहान उद्योग जिद्द संपल्यामुळे बंद पडतात त्यापेक्षा खात्यातील पैसे संपल्यामुळे अधिक बंद पडतात, असा माझा अनुभव आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून, या मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की त्याच्या पर्चेस (खरेदी) विभागाचा सूर बराच मऊ होतो. त्यासाठी माल पाठवण्यापूर्वीच उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून तिचा क्रमांक बिलावर छापलेला असावा.

सुरू केलेले बंद करण्याची लाज बाळगणे

१९९६ मध्ये रोहिंटन आगा यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी अनु आगा यांनी थरमॅक्स या बॉयलर बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीची धुरा घेतली. पुढे कंपनी तोट्यात गेली, शेअरचा भाव कोसळला आणि एका भागधारकाच्या निनावी पत्राने त्या अस्वस्थ झाल्या. त्यांनी बाहेरचे सल्लागार बोलावले, संचालक मंडळाची फेररचना केली आणि मूळ कामाशी संबंध नसलेले व्यवसाय सोडून दिले. पुण्यातील उद्योजकांच्या गोष्टींमध्ये मला हीच सर्वांत उपयोगी वाटते, कारण तिच्यात टिकून राहण्यासाठी काय काय सोडावे लागले याचा हिशेब आहे.

दुसऱ्याची शिदोरी न मोजणे

१९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली, तेव्हा कुटुंबाची घोड्यांची पैदास करणारी शेती हाताशी होती आणि लसीकामासाठी लागणारा घोड्यांचा सीरम तेथूनच मिळणार होता. यात त्यांचे कर्तृत्व कमी होत नाही. मात्र भाड्याच्या गाळ्यात, बँकेच्या हप्त्यावर काम करणाऱ्याने त्यांच्याइतकी वाट पाहण्याचे ठरवण्यापूर्वी आपल्या खात्यात किती महिन्यांचा पगार आणि भाडे शिल्लक आहे ते मोजावे. माझ्या गाळ्यात आता प्रत्येक नव्या कामाच्या फाईलवर पहिल्याच दिवशी दोन गोष्टी पेनाने लिहिल्या जातात, नगामागे जास्तीत जास्त किती तोटा सोसायचा आणि कोणत्या तारखेपर्यंत. ती तारीख शक्यतो गुरुवारचीच ठरवतो, कारण मशीन चालू असताना माझ्याने कोणतेही काम बंद करवत नाही.