गावाभोवतीचे उजाड तुकडे जोडताना

ई-क्लासची जमीन (गावाचे सरकारी गायरान), नाल्याचा काठ, पांदण (शेतांकडे जाणारी वाट) आणि शेतांचे धुरे (बांध) गावनकाशावर रंगवून पाहिले, की हिरवा पट्टा नेमका कुठे तुटतो ते कळते. काम तिथूनच सुरू करावे. माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित दुवा पांदणीचा असतो.

पहिल्या वर्षी रोपे लावण्याची घाई न करता चराईबंदी करावी. गुरांचा त्रास थांबला, की पळस, बोर आणि हिवर जुन्या खोडांतून आपोआप फुटतात, आणि मुळे आधीच खोल गेलेली असल्यामुळे हे फुटवे विदर्भाचा मे महिना नव्या रोपांपेक्षा चांगला सोसतात. मात्र गुराख्यांना विश्वासात घेतल्याशिवाय बंदी टिकत नाही. म्हणून ग्रामसभेत ठराव करून एक भाग चराईसाठी मोकळा ठेवावा आणि बंद भागातले गवत कापून नेऊ द्यावे.

मुरमाड उतारावर समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे) खोदावेत, खोल काळ्या मातीत नकोत. रानतुळस आणि तरोटा ही तणे बी धरण्यापूर्वीच उपटून तिथे मारवेल, पवन्या या गवतांचे बी टाकावे. नाल्याकाठी करंज, उंबर लावावेत. अमरावती जिल्ह्यातील पायविहीरच्या ग्रामस्थांनी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेले उजाड जंगल पुन्हा उभे केले आहे. ते एकदा पाहून यावे.