बंद पडलेली रोझरी पुन्हा कशी सुरू कराल

आई गेली त्या पावसाळ्यात मला देवाशी बोलावंसंच वाटेना. वसईच्या आमच्या घरातली रोजची रोझरी, म्हणजे माळेचे मणी मोजत म्हणायची मरियेची प्रार्थना, तीही बंद पडली. पुन्हा सुरू केली ती अशी.

आधी वेळ धरा. आमची रात्री साडेआठ, भाताचा कुकर उतरला की टीव्ही बंद. पाचही रहस्यं (येशू-मरियेच्या आयुष्यातले मनन करायचे प्रसंग) जमत नसतील तर एकच घ्या: एकदा ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, दहा वेळा ‘नमो मरिया’, शेवटी त्रैक्याचा गौरव. पाच मिनिटांत होतं. सोमवारी-शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. ही प्रकाशाची पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये दिली. आत्याच्या जुन्या पुस्तकात ती नाहीत, त्यामुळे दर गुरुवारी हुज्जत. घालू दे.

मणी मोजायचं काम पोरांना द्या. आमचा धाकटा सातव्यावरच पेंगतो, पण माळ सोडत नाही.

रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्याबरोबर स्कूटरला किक मारू नका. आवारात दहा मिनिटं रेंगाळा. मला तिथेच एका ओळखीच्या बाईंनी, एक शब्द न विचारता, सुक्या बोंबलांची पुडी हातात ठेवली होती. घरी येऊन मी पहिल्यांदा रडले.

पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, मात्र सणाच्या रांगेत जाऊ नका. मधल्या वारी फादरांना विचारून जा, आणि किती वर्षांनी आलात ते सरळ सांगा. मी ‘नऊ’ म्हणाले. पलीकडून नुसतं ‘बरं, बोल’ आलं.